गाडीचे किलोमीटर मोजता, ड्रायव्हरचे तासही मोजा

प्रति,
मा. परिवहन आयुक्त,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : छोट्या प्रवासी बसगाड्यांवरील ड्रायव्हरच्या कामाच्या तासांची नोंद सक्तीची करण्याबाबत

महोदय,

मी नाशिकमध्ये गाडीमालकांचे हिशेब लिहितो. माझे बहुतेक मालक एका-दोन गाड्यांचे, फार तर चार गाड्यांचे. गाड्या म्हणजे तेरा, सतरा, वीस आसनी टेम्पो ट्रॅव्हलर आणि काही क्रूझर. महिना संपला की ड्युटी स्लिपा, डिझेलची बिलं, फास्टॅगचं स्टेटमेंट आणि ड्रायव्हरच्या उचलीच्या चिठ्ठ्या कॅरीबॅगेत भरून माझ्या टेबलावर येतात. आपल्याला मी जे लिहितो आहे ते याच कागदांच्या आधारावर.

त्यातली एक स्लिप घेऊ. सतरा आसनी गाडी, पार्टी नाशिकरोडची, फेरी तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर. शनिवारी रात्री साडेनऊला गाडी निघाली. पहाटे साडेपाचला तुळजापूर. दर्शन, अभिषेक, नाश्ता उरकून नऊला निघून पावणेअकराला अक्कलकोट. अन्नछत्रात प्रसाद घेऊन दीडला निघाले, सव्वाचारला पंढरपूर. विठ्ठलाची रांग लांबली. रात्री आठला गाडी नाशिककडे वळली आणि सोमवारी पहाटे साडेतीनला शेवटचा प्रवासी दारात उतरला. मीटर नऊशेच्या आसपास फिरलं. सुरुवातीचं किलोमीटर, शेवटचं किलोमीटर, टोल, पार्किंग, सगळं स्लिपवर व्यवस्थित लिहिलेलं. खाली पार्टीची सही.

बिल दोन दिवसांचं झालं. दिवसाला तीनशे किलोमीटर मिनिमम, म्हणजे सहाशे. वरच्या तीनशेचे जादा पैसे. ड्रायव्हर भत्ता दोन दिवसांचा. पार्टीने कुरकुर न करता पैसे दिले, मालकाला दोन पैसे सुटले, माझी नोंद पूर्ण झाली.

आता त्याच स्लिपवरच्या वेळा वेगळ्या रीतीने मांडून पाहा. निघाल्यापासून परत येईपर्यंत तीस तास. त्यातले वीस तास स्टिअरिंगवर. उरलेले दहा तास तीन देवस्थानांच्या पार्किंगमध्ये, दारं-खिडक्या उघड्या टाकलेल्या गाडीत, ‘ड्रायव्हरभाऊ, गाडी लावा, निघतोय’ हा फोन कधी येईल याची वाट बघत. ड्रायव्हर एकच. दुसऱ्या माणसासाठी गाडीत सीट नव्हती, कारण सतराच्या सतरा भरल्या होत्या.

याच्या पुढची गोष्ट दुसऱ्या मालकाच्या पिशवीत आहे. त्याची गाडी अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या शिफ्टला लागलेली आहे. त्याच सोमवारी सकाळी सहाच्या पिकअपच्या स्लिपवर ड्रायव्हरचं नाव तेच. पहिल्या मालकाला हे माहीत नाही. दुसऱ्याला तो रात्री कुठे होता ते माहीत नाही. कंपनीच्या गेटवरच्या रजिस्टरात ‘गाडी वेळेवर’ अशी नोंद आहे. दोन्ही पिशव्या माझ्याच टेबलावर येतात म्हणून मला ते दिसलं. त्या बसमध्ये बसलेल्या कामगारांना ते कसं दिसणार होतं?

महोदय, हा ड्रायव्हर उनाड नाही की हावरा नाही. आठवड्याच्या सातही दिवशी मिळेल ती ड्युटी धरल्याशिवाय त्याचं भागत नाही. सकाळी कंपनी, दुपारी शाळा, संध्याकाळी परत कंपनी, लग्नसराईत रात्रीचं वऱ्हाड, शनिवार-रविवार देवदर्शन. प्रत्येक गिऱ्हाईक त्याचे फक्त आपल्यापुरते तास बघतं आणि ते तीन-चारच असतात. पूर्ण दिवसाची बेरीज करणारं या धंद्यात कुणी नाही, आणि ती करणं कुणावर बंधनकारकही नाही.

कायदा नाही असं मात्र म्हणता येत नाही. मोटार परिवहन कामगार अधिनियम १९६१ सालचा. त्यात दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा स्पष्ट होती. लांब पल्ल्याच्या किंवा सणावाराच्या वाहतुकीसाठी परवानगी घेऊन ती दहा आणि ५४ तासांपर्यंत नेता येत असे. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. एका दिवसाचं काम संपून दुसऱ्या दिवसाचं सुरू होईपर्यंत सलग नऊ तास सुट्टी. रात्रीच्या मुक्कामी ड्रायव्हरला झोपायची सोय मालकाने करावी, हेसुद्धा त्यात होतं. कामाचे तास म्हणजे नुसतं गाडी चालवणं नव्हे, गाडीशी निगडित बाकीची कामंही त्यात धरायची, इतकी बारीक व्याख्या त्या कायद्याने केली होती. साठ वर्षांपूर्वी हा मसुदा करणाऱ्यांना ड्रायव्हरचं काम नीट समजलेलं होतं, हे वाचताना जाणवतं.

पण हा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या परिवहन उपक्रमालाच लागू होता. पाचांहून कमी कामगारांच्या धंद्यालाही तो लावण्याचा अधिकार राज्य सरकारला होता, तरी मूळ उंबरठा पाचाचा. माझ्या मालकांपैकी बहुतेकांकडे पाच माणसं कधीच नव्हती. आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिने जुना कायदा आपल्यात सामावून घेतला आणि उंबरठा पाचावरून दहावर नेला. ज्या गाडीमालकाकडे दहा कामगार आहेत तो आमच्या धंद्यात मोठा शेठ समजला जातो. म्हणजे रात्री देवदर्शनाला जाणारी, वऱ्हाड नेणारी, शिफ्टची माणसं आणणारी जी गाडी रस्त्यावर सगळ्यात जास्त दिसते, तिचा ड्रायव्हर कामगार कायद्याच्या कक्षेपासून आणखी दूर गेला.

म्हणूनच हे पत्र कामगार आयुक्तांना न लिहिता आपल्याला लिहितो आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चं कलम ९१ आपल्या अखत्यारीत येतं. परिवहन वाहन चालवण्यासाठी नेमलेल्या ‘कोणत्याही व्यक्तीचे’ कामाचे तास १९६१ च्या कायद्यात सांगितल्याप्रमाणे असतील, असं ते म्हणतं. मालकाकडे माणसं किती, हा प्रश्न तिथे विचारलेलाच नाही. मी वकील नाही. पण कायद्याने माणसांची संख्या विचारली नसेल तर आपणही ती विचारू नये, इतकं मला कळतं. १९६१ चा कायदा रद्द झाला म्हणून हे कलम निकामी झालं, असंही कुणाला म्हणता येऊ नये. रद्द झालेल्या कायद्याचा उल्लेख त्याच्या जागी आलेल्या तरतुदींना लागू धरावा, हे १८९७ च्या सामान्य वाक्खंड अधिनियमाच्या कलम ८ ने सांगून ठेवलेलं आहे. तरीही शंकेला जागा नको म्हणून आपल्या खात्याने एक स्पष्ट परिपत्रक काढावं.

त्याच कलम ९१ चं तिसरं उपकलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ड्रायव्हर नेमणाऱ्याने त्याचे तास आधी ठरवावेत असा आदेश राज्य सरकार देऊ शकतं, आणि ठरवलेल्या तासांची नोंद ठेवण्याची तरतूद करू शकतं. पुढचं उपकलम सांगतं की अशा नोंदलेल्या तासांबाहेर कुणी काम करू नये आणि कुणाकडून करूनही घेऊ नये. नवा कायदा नको, विधिमंडळात विधेयक नको. अधिकार हातात आहे. छोट्या प्रवासी गाड्यांच्या बाबतीत तो वापरल्याचा कोणताही मागमूस माझ्या टेबलावर येणाऱ्या कागदांत मला आजवर दिसलेला नाही.

झोपेबद्दल थोडं लिहितो, कारण ‘आमच्या ड्रायव्हरला सवय आहे’ हे वाक्य मी मालकांकडून, पार्ट्यांकडून आणि खुद्द ड्रायव्हरांकडूनही ऐकतो. १९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचं काम प्रसिद्ध झालं. सलग सतरा तास जागं राहिलेल्या माणसाचं हाता-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं बिघडतं, असं त्यांना दिसलं. चोवीस तासांनंतर ते ०.१० टक्क्यांच्या पातळीला जातं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार मद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. याचा अर्थ सतरा तास जागा असलेला आणि दारूच्या थेंबालाही न शिवलेला ड्रायव्हर कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या माणसापेक्षा जास्त धोक्याचा असू शकतो. नाक्यावरचं यंत्र त्याच्या तोंडाला लावलं तर ते शून्य दाखवेल आणि आपला माणूस त्याला पुढे जायला सांगेल.

ऐंशीच्या वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते. डुलकीला तीन सेकंद पुरतात. तेवढ्यात गाडी साठाहून जास्त मीटर पुढे गेलेली असते आणि स्टिअरिंग कुणाच्याच हातात नसतं. पहाटे दोन ते पाच या वेळेत शरीर झोप मागतंच, कितीही सवय असली तरी. समृद्धी महामार्गासारख्या सरळ, वळण नसलेल्या रस्त्यावर तर ती जास्तच येते. हा ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला आणि नाशिकच्या पार्ट्यांना शेगाव, नागपूर एका रात्रीत उरकण्यासारखं वाटायला लागलं. रस्ता वेगवान झाला म्हणून ड्रायव्हरची रात्र लहान होत नाही. वाचलेल्या वेळात पार्टी आणखी एक देवस्थान घालते.

अशा डुलकीने किती जीव गेले हे आपल्याला सांगता येणार नाही, मलाही नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचा अपघातांचा वार्षिक अहवाल काढून पाहा. २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यांवर गेली, हा आकडा त्यात आहे. कारणांच्या रकान्यांत अतिवेग, मद्यपान, चुकीच्या बाजूने वाहन चालवणं, लाल दिवा तोडणं, मोबाइल आणि शेवटी ‘इतर’. थकव्याला, झोपेला स्वतःचा रकाना नाही. पंचनाम्यात गाडी दुभाजकावर गेली, टायर फुटला, नियंत्रण सुटलं, असं येतं. नियंत्रण का सुटलं हे शोधायचं तर तो माणूस आदल्या चोवीस तासांत कुठे होता याचा कागद हवा. तो कागद कुणी तयारच करत नसेल, तर तपास करणारा फौजदार तरी काय शोधणार?

तास मोजणं व्यवहारात जमणार नाही, असं कुणी म्हणालं तर एसटीच्या कोणत्याही आगारात जाऊन बघावं. ड्युटी लावताना तिथे तासांचा हिशेब होतो आणि जास्तीच्या तासांचा ओव्हरटाइम निघतो. अॅपवरच्या टॅक्सीवाल्यांसाठी केंद्राने २०२० साली मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत बारा तासांहून जास्त लॉग-इन राहायचं नाही आणि त्यानंतर दहा तासांची सुट्टी घ्यायची, असं सांगितलं. चार प्रवाशांच्या टॅक्सीला ही मर्यादा सुचली. सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी ट्रकचालकांचे तास वैमानिकांसारखे ठरवावेत, असं म्हटलं. ते योग्यच होतं. पण माल नेणाऱ्या गाडीचा आणि चार माणसं नेणाऱ्या गाडीचा विचार होत असताना सतरा माणसं नेणारी गाडी मधल्या मध्ये राहून गेली. मोटार वाहन कायद्यात सहाहून जास्त आणि बारापर्यंत प्रवाशांची गाडी मॅक्सीकॅब. सतरा आसनी गाडी त्याहून मोठी, ती कागदावर बसच धरली जाते. पण लोकांच्या आणि खात्याच्याही मनात ती ‘छोटी गाडी’ आहे, आणि छोट्या गाडीला मोठ्या गाडीचे नियम लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

युरोपीय संघाने ही रेषा ड्रायव्हर धरून नऊ माणसांवर आखली आहे. त्याहून जास्त माणसांसाठी बनलेली गाडी असेल तर साडेचार तासांनंतर पाऊण तास थांबायचं, दिवसाला नऊ तास चालवायचं, आठवड्यातून दोनदाच दहा आणि दोन आठवड्यांत मिळून नव्वदच्या वर नाही. अमेरिकेत राज्याबाहेर भाड्याने जाणाऱ्या ९ ते १५ माणसांच्या गाड्यांना तिथले तासांचे नियम आधी फक्त लांब पल्ल्यापुरते होते, नंतर अंतराची अट काढून टाकली. छोटी गाडी वगळायची चूक तिथेही झाली होती आणि तिथल्या सरकारने ती दुरुस्त केली. युरोपातली आणखी एक गोष्ट आपल्याला फार उपयोगाची आहे. टॅकोग्राफ हे यंत्र गाडीत असतं, पण त्यात घालायचं कार्ड ड्रायव्हरच्या नावाचं असतं आणि ते त्याच्या खिशात राहतं. तो गाडी बदलेल, मालक बदलेल, तास मात्र त्याच्याबरोबर पुढे जातात.

आमच्या धंद्याला नेमकं हेच हवं आहे. आमच्याकडे बदली ड्रायव्हरांवर निम्मं काम चालतं. गाडीत लॉगबुक ठेवलं तर प्रत्येक गाडीचं लॉगबुक स्वच्छ निघेल, कारण गाडी थकत नाही. वर सांगितलेल्या सोमवारच्या ड्रायव्हरचंही दोन्ही गाड्यांच्या वह्यांत काही वावगं दिसलं नसतं. म्हणून वही माणसाची हवी, त्याच्या लायसन्सच्या क्रमांकावर. ड्युटी घेताना त्याने मालकाला मागच्या ड्युटीचं पान दाखवायचं, मालकाने सही करायची आणि मगच चावी द्यायची. तीन प्रतींचं पुस्तक असावं : एक ड्रायव्हरला, एक मालकाला, एक पार्टीला. पार्टीच्या हातात पान गेलं की निघायच्या आधीच तिला कळेल की आपला ड्रायव्हर काल कुठे होता. प्रवाशाला हे जाणून घ्यायचा हक्क आहे, असं मी मानतो.

यंत्रही आहेच. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५ एच प्रमाणे नव्या सार्वजनिक सेवा वाहनांना १ जानेवारी २०१९ पासून लोकेशन सांगणारं उपकरण आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं आहे. आमच्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव व्हीएलटीडी. पासिंगला गेलं की ते चालू आहे का हे तपासलं जातं, मालक त्याचं रिचार्ज भरतो आणि बिल माझ्याकडे येतं. गाडी कधी सुरू झाली, कुठे किती वेळ उभी होती, कुठल्या वेगाने धावली हे सगळं त्यात आहे. आत कोण बसलं होतं एवढंच नाही. ड्रायव्हरने लायसन्सचं कार्ड टेकवल्याशिवाय ड्युटी सुरू झाली असं धरायचं नाही, इतकी भर या उपकरणात घातली तर ज्या माहितीसाठी मालक आजच पैसे मोजतो आहे तिच्यातूनच तासांचा हिशेब निघेल. पण यंत्राची वाट बघत वही थांबवू नये. यंत्राची निविदा निघायला वर्षं जातात. पुस्तक आठवड्याभरात छापून होतं.

विश्रांतीच्या व्याख्येवर मात्र मी अडून बसणार आहे. ड्रायव्हर काम करत नसला तरी गाडीत किंवा गाडीजवळ थांबावं लागत असेल, तर तो वेळ विश्रांती म्हणून केव्हा धरायचा हे ठरवायचा अधिकार कलम ९१ च्या पाचव्या उपकलमाने राज्याला दिला आहे. नियम करताना कुणी तरी हमखास सुचवेल की देवदर्शनाला चार-चार तास गाडी उभीच असते, ते विश्रांतीत धरा म्हणजे सगळं बसेल. कृपा करून हे मान्य करू नका. आपण एकदा दुपारी पंढरपूरच्या किंवा शिर्डीच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा. पत्रा तापलेला असतो. मागच्या सीटवर आडवं व्हायला जावं तर तिथे पार्टीच्या पिशव्या. डोळा लागतो न लागतो तोच पार्किंगवाला काचेवर थाप मारून गाडी पुढे घ्यायला सांगतो. पार्टीतलं कुणी चार्जर विसरलेलं असतं, ते परत येतं. कुणाच्या म्हाताऱ्या आईला उन्हाचं बसवत नाही म्हणून एसी लावून बसायचं असतं, म्हणजे गाडी चालू आणि ड्रायव्हर जागा. याला विश्रांती म्हणणाऱ्याने त्या सीटवर एक दुपार काढावी. विश्रांती म्हणजे गाडीची चावी दुसऱ्याकडे आणि ड्रायव्हर कॉटवर, फोन बंद करायची मुभा असलेला. मुक्कामाच्या रात्री पार्टी भक्तनिवासात आणि ड्रायव्हर डासांत, गाडीच्या सीटवर, ही पद्धत सर्रास आहे. भक्तनिवास चालवणाऱ्या संस्थानांना आपण ड्रायव्हरांसाठी वेगळी खोली ठेवायला सांगितलं तर त्या ऐकतील, असं मला वाटतं.

मालकांच्या बाजूनेही लिहिलं पाहिजे, कारण माझी चूल त्यांच्या पैशांवर पेटते आणि ते वाईट लोक नाहीत. बँकेचा हप्ता, इन्शुरन्स, टॅक्स, पासिंग, टायर सगळं भरून महिनाअखेर काय उरतं ते मला माहीत आहे. दोन ड्रायव्हर द्या म्हटलं की दुसऱ्याचा पगार आणि एक सीटही जाते. आज एखादा मालक म्हणाला की अष्टविनायकाच्या साडेसहाशे किलोमीटरसाठी दोन दिवस एकाला झेपणार नाहीत, तीन दिवस करा, तर पार्टी फोन ठेवते आणि शेजारच्या दुकानात जाते. तिथे दोन दिवसांत करून देणारा मिळतोच. म्हणजे ड्रायव्हरची काळजी करणाऱ्या मालकाचं भाडं जातं आणि न करणाऱ्याचं वाढतं. भाव असे पाडून द्यायची ही रीत मालक आपसांत बसून मोडू शकत नाहीत. संघटनेच्या बैठकीत ठराव होतो आणि सीझन लागला की विसरला जातो. नियम सगळ्यांना एकदम लागला तरच दर सगळ्यांचे एकदम वाढतील. सतरा जणांत वाटल्यावर दुसऱ्या ड्रायव्हरचा खर्च माणशी फार होत नाही. देवदर्शनाला निघालेलं कुटुंब तो देईल, त्याला नीट सांगितलं तर.

दिवसाला तीनशे किलोमीटर मिनिमम, ही आमच्या धंद्याची दराची पद्धतही बदलायला हवी. पैसे तीनशेचे भरायचेच आहेत म्हटल्यावर पार्टी तीनशे फिरूनच घेते. दर दिवसाच्या तासांवर बांधला गेला तर आखणी आपोआप माणसाला झेपेल अशी होईल.

आता मालकांची जी भीती मी रोज ऐकतो ती लिहितो. नवी वही म्हणजे नाक्यावर गाडी अडवायला नवं निमित्त. वही दाखव, सही नाही, चल बाजूला घे. ही भीती खरी आहे आणि तिच्यामुळे चांगला नियम पहिल्याच महिन्यात बदनाम होईल. म्हणून वहीची तपासणी रस्त्यावर ठेवू नका. ती आरटीओ कार्यालयात ठेवा : फिटनेसच्या वेळी, परवाना नूतनीकरणाच्या वेळी आणि अपघात झाला की त्याच दिवशी. व्हीएलटीडीची माहिती आणि वहीतले तास जुळतात का, हे टेबलावर बसून बघता येतं. रात्री दोन वाजता भरलेली गाडी अडवायची तर एकच प्रश्न विचारावा : ड्रायव्हर किती तासांपासून चालवतो आहे? आणि उत्तर मर्यादेबाहेर असेल तर पावती फाडून सोडून देऊ नका. गाडी जवळच्या थांब्यावर लावा आणि त्याला झोपू द्या. दंड ड्रायव्हरला नको. ज्याने त्याला ती ड्युटी दिली त्याला करा, आणि आखणी अशक्य असेल तर ज्या आयोजकाने ती केली त्यालाही. दंड ड्रायव्हरवर टाकला तर तो खोटे तास लिहील, कारण ड्युटी गेली की त्याच्या घरात पैसा येत नाही.

एक अडचण आपल्या हाताबाहेरची आहे. अखिल भारतीय पर्यटक परवान्यावरच्या गाड्या केंद्राच्या नियमांनी चालतात. त्यांच्या अटींत ही नोंद यावी म्हणून आपल्याला दिल्लीशी पत्रव्यवहार करावा लागेल. दुसरं, जो मालक स्वतःच गाडी चालवतो तो कुणाचा नोकर नाही, त्यामुळे ‘नेमणाऱ्याने तास ठरवावेत’ ही भाषा त्याला लागू होईल की नाही अशी शंका निघेल. नाशिकमध्ये असे पुष्कळ आहेत आणि स्वतःवर सगळ्यात जास्त जुलूम तेच करतात. त्यांच्यासाठी नोंदीची अट कंत्राटी वाहतुकीच्या परवान्यातच घालावी लागेल.

हे सगळं आत्ताच करावं असा आग्रह मी का धरतो ते आपण जाणताच. २०२७ साली नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ आहे. साधू-महंत, भाविक, बंदोबस्त, कंत्राटदारांची माणसं, सगळ्यांना ने-आण करायला राज्यभरातून आणि बाहेरून छोट्या गाड्या इथे येतील. शाही स्नानाच्या पर्वकाळात गाडीला दिवस-रात्र कळणार नाही. आमच्याकडचे मालक आतापासून नव्या गाड्यांची बुकिंग करायच्या विचारात आहेत. ड्रायव्हर मात्र तेवढेच आहेत. तेच ड्रायव्हर त्या जास्तीच्या गाड्या चालवणार, हे गणित मांडायला हिशेबनीस लागत नाही. सिंहस्थाच्या नियोजनात पार्किंग, पूल, घाट, शौचालयं यांचे आराखडे होत आहेत. त्यात ड्रायव्हरच्या झोपेची जागा आणि त्याच्या तासांची वही या दोन गोष्टी आल्याच पाहिजेत. बाहेरच्या पार्किंगतळांवर प्रवाशांसाठी जसे मंडप उभे राहणार आहेत, तसे ड्रायव्हरांसाठी खाटांचे मंडप उभारा. तळावरून गाडी परत निघताना वहीतली विश्रांतीची वेळ बघूनच बाहेर सोडा. तिथे गाडी अडवलेलीच असते, त्यामुळे तपासणी वेगळी करावी लागणार नाही.

माझी विनंती अशी की कलम ९१(३) खालची अधिसूचना सिंहस्थाच्या पहिल्या पर्वणीच्या किमान सहा महिने आधी निघावी. म्हणजे मालकांना दर बदलायला आणि ड्रायव्हरांना वहीची सवय व्हायला वेळ मिळेल. सुरुवात नाशिक विभागात करून पाहायची असेल तर तीही चालेल. तीन प्रतींच्या वहीचा एक नमुना मी माझ्या मालकांशी आणि पाच-सहा ड्रायव्हरांशी बोलून तयार केला आहे. त्यातला ‘मागची ड्युटी कधी संपली’ हा रकाना ड्रायव्हरांनीच सगळ्यात वर घ्यायला लावला. हा नमुना आणि नावं झाकलेल्या ड्युटी स्लिपांचा एक गठ्ठा घेऊन मी आपल्या कार्यालयात यायला तयार आहे. आपण नाशिकच्या प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांना सांगितलंत तर त्यांच्याकडेही येईन. सकाळी अकराच्या आधीची वेळ दिलीत तर बरं, कारण त्यानंतर मालक पिशव्या घेऊन यायला लागतात.

कळावे,
आपला,
नाशिकचा एक हिशेबनीस